गोंतोर: मालकी सोडली म्हणून टिकलेली शाळा

मागे आमच्या टीममधल्या एका सीनियरने नोकरी सोडली आणि त्याने लिहिलेली सिस्टिम कुणालाच कळेना. आठवडाभर आमची झोप उडाली. सगळं एकाच माणसाच्या डोक्यात असलं की असंच होतं. आजची गोष्ट याच प्रश्नाची, पण एका निवासी शाळेची.

इंडोनेशियात, पूर्व जावामधल्या पोनोरोगोजवळ गोंतोर नावाचं गाव आहे. तिथे अठराव्या शतकात एक पेसांत्रेन सुरू झालं. पेसांत्रेन म्हणजे गुरूपाशी राहून इस्लामचं शिक्षण घ्यायची जागा. आपल्या गुरुकुलासारखीच म्हणा ना. या गुरूला तिथे कियाई म्हणतात आणि सगळा कारभार त्याच्याभोवती फिरतो. पुढच्या काही पिढ्यांत गोंतोरला तसा कियाई उरला नाही आणि पेसांत्रेन ओस पडलं.

1926 मध्ये त्याच घराण्यातल्या अहमद सहल, झैनुद्दीन फनानी आणि इमाम झरकशी या तीन भावांनी ते पुन्हा उभं करायला घेतलं. लोक त्यांना काय म्हणतात माहितीये? त्रिमूर्ती! हो, आपलाच शब्द.

धाकटे झरकशी सुमात्रात शिकून आले आणि 1936 मध्ये त्यांनी सहा वर्षांचा नवा अभ्यासक्रम सुरू केला. इयत्ता, परीक्षा, धर्माबरोबर इतर विषय, आणि रोजच्या बोलण्यात अरबी व इंग्रजी. शिक्षक पँट आणि टाय घालून शिकवायचे. तेव्हा राज्य डचांचं, त्यामुळे हा साहेबी थाट अनेकांना खटकला.

या भावांनी चार संस्था आदर्श मानल्या होत्या: कैरोचं अल-अझहर, मॉरिटानियातलं शिंकित आणि चक्क आपल्याकडची दोन, अलीगढ आणि शांतिनिकेतन. अलीगढकडून आधुनिकता घेतली, शांतिनिकेतनकडून साधेपणा. अल-अझहरकडून घेतली वक्फची कल्पना, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते.

कारण 12 ऑक्टोबर 1958 रोजी त्रिमूर्तींनी शाळा, जमिनीसकट, वक्फ करून टाकली. ती सांभाळायला माजी विद्यार्थ्यांचे 15 प्रतिनिधी नेमले. म्हणजे काय, तर स्वतःच्या मुलाबाळांचा वारसाहक्कच संपवला!

खरी परीक्षा 1985 मध्ये झाली. तिघांपैकी शेवटचे, झरकशी, गेले. मग वक्फ मंडळाने तीन नवे प्रमुख निवडले. आता खरं सांगायचं तर त्यातले दोघे संस्थापकांचीच मुलं होती. घराणं पूर्ण बाजूला झालं नाही. पण त्यांना पद मंडळाने दिलं होतं, आणि जमीन त्यांच्या नावावर नव्हती.

जुनं गोंतोर कियाईंबरोबर संपलं, हे मात्र टिकलं. पुढे मुलींसाठी वेगळं संकुल झालं, शाखा वाढल्या, 2014 मध्ये विद्यापीठही झालं.

आपण काहीतरी उभं करतो तेव्हा ‘हे माझं’ म्हणायचा मोह होतोच. मलाही होतो, अगदी कोडच्या दोन फाइल्सबद्दलसुद्धा. या तिघांनी 32 वर्षं खपून उभं केलेलं सोडून दिलं. तुम्ही सोडलं असतं का? विचार करा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!