मूठभर तांदळाची शाळा



जून जवळ आला की घराघरांत एकच विषय असतो. मुलाला कुठल्या शाळेत घालायचं? सासूबाईंचं एक मत, मुलाच्या बाबांचं दुसरं, आणि शेजारणीनं तर फॉर्म आणूनही ठेवलेला असतो. शाळा कुठली यावर सगळं घर बोलतं. फी कुठून भरायची यावर मात्र दोघंच बोलतात, तेही रात्री दिवा मालवल्यावर.

आजची गोष्ट या दुसऱ्या प्रश्नाची आहे. मुलाची शाळा आईबापांनी निवडावी, यात कुणाला काही चूक वाटत नाही. पण त्या निवडीला सरकारनं पैसे द्यावेत का? या एका प्रश्नावर आपल्या शेजारच्या गोव्यात मोर्चे निघाले, जुने वैरी एकत्र आले आणि जुने मित्र फुटले. ही गोष्ट नीट कळायला थोडं मागं जावं लागेल, पोर्तुगीज अमलापर्यंत.

तेव्हा सरकारी शाळा पोर्तुगीज भाषेची. ज्यांना मुलांना मराठी शिकवायचं होतं त्यांना सरकारकडून काही मिळत नसे. देवळाच्या आवारात, कुणाच्या ओसरीवर शाळा भरायची, आणि कितीतरी ठिकाणी मास्तर आपल्या बाजूचे, सावंतवाडी-मालवणकडून गेलेले असत. त्यांचं जेवण आणि पगार गावानंच बघायचा. १९०८ साली पणजीत मुष्टिफंड नावाची संस्था निघाली. नावातच तिचा हिशेब आहे. घरोघरी मूठमूठ तांदूळ बाजूला काढायचे आणि त्यावर शाळा चालवायची. संस्थापकांच्या तसबिरी भिंतीवर लागतात. तांदळाचा डबा मात्र स्वयंपाकघरात असतो आणि मूठ भरणारा हात कुणाचा, हे तुम्हाला मी सांगायला नको. आजच्या भाषेत बोलायचं तर पालकांच्या शाळा निवडण्याच्या हक्काला मिळालेलं ते अनुदानच होतं, फक्त ते सरकारनं दिलेलं नव्हतं.

ख्रिस्ती घरांची ओढ वेगळी होती. त्यांची माणसं मुंबईला नोकरीला जायची, बोटीवर जायची, आफ्रिकेत जायची. तिथं पोर्तुगीज घेऊन काय करणार? इंग्रजी हवी. बार्देशातल्या हडफडे गावात १८८७ मध्ये इंग्रजी शाळा सुरू झाली. गोव्यात राहून मुंबईच्या मॅट्रिकची तयारी करायची, अशी ही रीत. तेव्हा इंग्रजीची हौस आजकालची आहे, असं जे म्हणतात त्यांना हे सांगावंसं वाटतं की ती पोटासाठी होती आणि शंभर वर्षांहून जुनी आहे.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी गावोगाव सरकारी प्राथमिक शाळा उघडायचा सपाटा लावला. बहुतेक मराठी माध्यमाच्या. डोंगरातल्या, नदीपलीकडच्या वाड्यांतही मास्तर पोचले. मुली शाळेत गेल्या त्या मोठ्या प्रमाणावर याच शाळांमुळे, कारण मुलीला दूर पाठवायची कुणाची तयारी नसे आणि आता शाळाच दारात आली होती. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या ८४ टक्क्यांहून जास्त स्त्रिया साक्षर निघाल्या, त्याचा पाया इथं आहे. बांदोडकर १९७३ मध्ये गेले आणि त्यांची मुलगी शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. गोव्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री. लोक त्यांना ताई म्हणत. ताईंना लक्षात ठेवा, त्या या गोष्टीत परत येणार आहेत.

सरकारी शाळांशेजारी खाजगी शाळाही होत्या, आणि त्यांतल्या चर्चच्या शाळांत लहान वर्गांपासून इंग्रजी माध्यम होतं. त्यांना सरकारी अनुदान मिळे. अनुदान म्हणजे मुख्यतः शिक्षकांचा पगार. तो सरकारनं दिला की फी नाममात्र राहते, आणि मासळी विकणारीची मुलगीही त्या शाळेत बसू शकते. अनुदान गेलं की तीच शाळा, तेच बाक, पण तिच्यासाठी दार बंद. आईबापांचा हक्क कागदावर तसाच असतो. त्याची किंमत तेवढी बदलते.

१९९० साली नेमकं हेच झालं. ताई तेव्हा शिक्षणमंत्री होत्या. सरकारनं ठरवलं की प्राथमिक शाळेला अनुदान हवं असेल तर माध्यम मराठी, कोकणी अशी आपल्याकडची भाषा हवं. इंग्रजी शाळा काढा, चालवा, बंदी नाही. पैसे मात्र मिळणार नाहीत. लहान मूल घरच्या भाषेत लवकर शिकतं हे त्यामागचं कारण, आणि ते खोटं नाही. जगभरचे शिक्षणतज्ज्ञ तेच सांगतात. आपल्या घटनेच्या ३५० अ कलमातही प्राथमिक वर्गात मातृभाषेतून शिकायची सोय करावी असं सांगितलेलं आहे.

चर्चच्या पुष्कळ शाळांनी मग कोकणी माध्यम घेतलं. इथं घरात काय झालं ते बघा. कोकणी त्या मुलांची घरची भाषाच होती. पण घरी आणि चर्चमध्ये ती रोमी लिपीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिली जायची, आणि शाळेत ती आली देवनागरीत. शिवाय पुस्तकातली कोकणी अंत्रुजी वळणाची, फोंड्याकडची, आणि मूल सासष्टीचं. आईनं पुस्तक उघडलं तर तिला स्वतःचीच भाषा वाचता येईना. गृहपाठ घेणार कोण?

आणि दुसरी अडचण याहून मोठी होती. ही भाषेची सोय चौथीपर्यंतच. पाचवीपासून गोव्यातल्या जवळपास सगळ्या शाळा इंग्रजी माध्यमाच्या. म्हणजे चार वर्षं आपल्या भाषेत पोहायला शिकवायचं आणि पाचव्या वर्षी दुसऱ्याच समुद्रात ढकलायचं. ज्यांच्या हातात पैसा होता त्यांनी पहिलीपासूनच विनाअनुदानित इंग्रजी शाळा गाठली, आणि त्यांत मातृभाषेवर भाषणं देणारेही होते. माझ्या मते १९९० च्या धोरणाचं खरं दुखणं इथं होतं. ते भाषेच्या बाजूनं होतं, पण त्याची झळ फक्त ज्यांना फी परवडत नाही त्यांनाच लागली. पाचवी-सहावी-सातवी आपल्या भाषेत नेण्याची धमक कुठल्याच सरकारनं दाखवली असती, तर हा वाद कदाचित इतका पेटला नसता.

वीस वर्षं हे चाललं. मग २०११ मध्ये पालकांचीच एक संघटना उभी राहिली. माध्यम निवडायचा हक्क आमचा, आणि कर आम्हीही भरतो, तेव्हा अनुदान आमच्या निवडीलाही द्या, अशी मागणी. दिगंबर कामत यांच्या सरकारनं ती मान्य केली आणि इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरवलं. शंभराहून जास्त शाळा पुन्हा इंग्रजीकडे वळल्या.

गोवा पेटला. भारतीय भाषा सुरक्षा मंच स्थापन झाला आणि त्याच्या अग्रभागी कोण? शशिकलाताई. त्यांच्याबरोबर उदय भेंब्रे, पुंडलिक नायक अशी कोकणीची माणसं. १९८६ मध्ये राजभाषेच्या प्रश्नावर मराठीवाले आणि कोकणीवाले एकमेकांसमोर उभे होते, माणसं मेली होती. ते आता एका व्यासपीठावर! संघाचे गोव्यातले प्रमुख सुभाष वेलिंगकरही त्यात होते. २०१२ च्या निवडणुकीत सरकार पडलं आणि मनोहर पर्रीकर आले. मंचाला वाटलं, आता अनुदान बंद. पर्रीकरांनी ते बंद केलं नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या ज्या शाळांना ते मिळत होतं त्यांना मिळत राहिलं. रागाची ठिणगी विझली नाही. २०१६ च्या ऑगस्टअखेर वेलिंगकरांना संघाच्या पदावरून दूर केलं गेलं, त्यांनी वेगळा पक्ष काढला, आणि २०१७ च्या निवडणुकीत त्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. हजारो लोक मोर्चाला आले होते. मतपेटीपाशी मात्र आईबापांनी आपल्या मनातलं माध्यम निवडलं, असं म्हणायचं का? निवडणूक एका प्रश्नावर होत नसते, हेही खरं.

मध्ये एक मोठा निकाल आला. कर्नाटक सरकारनं १९९४ मध्ये पहिली ते चौथी मातृभाषा किंवा कन्नड सक्तीची केली होती. त्यावर ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की मुलानं कुठल्या माध्यमात शिकावं हे त्याचे पालक ठरवतील, आणि मुलाची मातृभाषा कोणती हेसुद्धा पालकच सांगतील, सरकार नाही. गोव्यातल्या इंग्रजीवाल्यांना हायसं वाटलं. पण नीट वाचा. निवड पालकांची, इतकंच. त्या निवडीचा खर्च सरकारनं उचललाच पाहिजे, असं न्यायालय म्हणालं नाही. म्हणजे आपल्या रात्रीच्या, दिवा मालवल्यानंतरच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही ते नाहीच.

या सगळ्या वर्षांत शब्द एकच गाजला, मातृभाषा. दोन्ही बाजूंच्या मंचांवर बोलणारे बहुतेक पुरुष. ताई सोडल्या तर भाषणं करणाऱ्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या. मातृभाषेतल्या मातेला कुणी विचारलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं? मला वाटतं ती म्हणाली असती, चौथीपर्यंत मी त्याचा अभ्यास घेऊ शकते, कारण माझी भाषा आहे. इंग्रजीत घातला तर पहिलीपासून शिकवणी लावावी लागेल. आणि नाही घातला तर पाचवीत तो मागं पडेल. तिला दोन्हीकडून पैसे मोजायचेच होते. अनुदानानं त्यातला एक हिशेब सुटला, दुसरा राहिला.

आणि एक आई राहिली जिची या वादात आठवणही कुणाला झाली नाही. सत्तरीत, सांग्यात, काणकोणात डोंगरातल्या वाडीवर राहणारी. तिला निवडायला एकच शाळा, बांदोडकरांच्या काळातली सरकारी मराठी. गावातली दोन-चार बरी कुटुंबं मुलांना तालुक्याच्या अनुदानित शाळेत घालतात. त्यांना नेआण करायला अनुदानित शाळांकडे सरकारनंच दिलेली बालरथ नावाची पिवळी बस असते. चांगली सोय आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण पट कमी होतो. पाच मुलं, मग तीन. मग शाळा शेजारच्या गावातल्या शाळेत मिसळते. गोव्यात अशा कितीतरी शाळा मिटल्या. शहरातल्या आईची निवड वाढली आणि या आईची होती तीही गेली. सरकारचा पैसा दोन्हीकडे जातो, पण कुठल्या रस्त्यानं जातो त्यावर कुणाच्या दारात शाळा उरते ते ठरतं.

शशिकलाताई २८ ऑक्टोबर २०१६ रोजी वारल्या. त्यांचा हट्ट बरोबर होता की चूक, यावर गोव्यात आजही दोन मतं आहेत. मला स्वतःला वाटतं की अनुदान इंग्रजीलाही द्यावं, पण त्याआधी वाडीवरची शाळा तीन मुलांसाठीसुद्धा उघडी ठेवावी, आणि आपल्या भाषेची पाचवी, सहावी, सातवी सुरू करून दाखवावी. मग आईबापांना विचारावं, आता सांगा, कुठं घालता?

पणजीत मुष्टिफंडाची शाळा आजही भरते.