स्मार्ट प्रकाशयोजना

इमारतीतील दिवे संवेदक व नियंत्रकांशी तारेने किंवा बिनतारी जोडून त्यांचा उजेड आपोआप कमीजास्त करण्याची व्यवस्था. एलईडीमुळे ती परवडू लागली. त्यांचा पांढरा उजेड शक्य करणाऱ्या निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल मिळाले. कार्यालयांत ‘डाली’ पद्धत रूढ आहे : दोन तारांच्या एका मार्गावर ६४ दिव्यांना स्वतंत्र पत्ता देता येतो. खोल्यांची विभागणी बदलली तरी वायरिंग उपसावे लागत नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण. खोलीत कोणी नसताना दिवा विझवणे, खिडकीतून ऊन आले की तो मंद करणे ही कामे संवेदकांमुळे होतात. भारतात २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत मोठ्या व्यापारी इमारतींसाठी अशा नियंत्रणाचे नियम घालण्यात आले.

ग्रामीण भागातील लहान इमारतींची गरज मात्र वेगळी असते. उदाहरणार्थ, चंदगड तालुक्यातील (जि. कोल्हापूर) तिलारी धरणाच्या पाण्यावर वीज तयार होते, पण सह्याद्रीच्या माथ्यावरील या मुलखात मुसळधार पावसात झाडे पडून तारा तुटतात. त्यामुळे येथील शाळा, दवाखाने व पंचायत कार्यालयांसाठी इंटरनेटवाचून चालणारी, भिंतीवरचे बटण कायम ठेवणारी साधी संवेदक-व्यवस्थाच योग्य होय.