तारीख नसलेलं नुकसान

पेणच्या खारेपाटात उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडते आणि खारं पाणी भातशेतीत शिरतं. खांड वेळीच बुजवली नाही, तर शेतात तिवरं उगवतात. कांदळवन तोडायला उच्च न्यायालयाची मनाई असल्याने ती काढताही येत नाहीत. रोह्याकडच्या कुंडलिका खाडीकाठालाही उधाणाची ही धास्ती आहेच. अशा खाडीकाठचा शेतकरी चढत्या समुद्राने होणाऱ्या या नुकसानीसाठी शासनाविरुद्ध दाद मागायला निघाला, तर हवामानबदलाचं शास्त्र नंतर येतं. आधी विचारलं जातं : कधी, कोणाचं आणि कोणामुळे? हवामानबदलाच्या खटल्यांच्या अभ्यासाचा उंबरठा हाच.

'कधी'पासून सुरुवात करू. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० मधील कलम १४ नुसार वादाचं कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. भरपाईसाठी कलम १५ पाच वर्षं देतं. निसर्ग चक्रीवादळाला तारीख होती, ३ जून २०२०. त्याचे पंचनामे झाले. दरवर्षी थोडं थोडं आत सरकणाऱ्या खाऱ्या पाण्याचा पहिला दिवस कोणता धरायचा?

'कोणाचं' हा प्रश्न हवामानबदलाबाबत आपल्या सरकारविरुद्ध दाद मागणाऱ्या स्वित्झर्लंडमधल्या वृद्ध महिलांनाही सुटला नाही. २०२४ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने त्यांच्या संघटनेची तक्रार ऐकली, चौघींच्या वैयक्तिक तक्रारी मात्र दाखल करून घेतल्या नाहीत. नुकसान सगळ्यांचंच असलं, की एकट्याचं वेगळं दाखवणं अवघड होतं.

'कोणामुळे' हा प्रश्न सर्वांत बिकट. उरणच्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने २०१५ मध्ये सुमारे ९५ कोटींची भरपाई मंजूर केली. तिथे भराव घालून त्यांची मासेमारी बुडवणारे समोर होते. चढत्या समुद्रामागे असं बोट दाखवता येत नाही. रिधिमा पांडे या मुलीने हवामानबदलाबाबत २०१७ मध्ये केंद्र सरकारविरुद्ध याच न्यायाधिकरणाकडे केलेला अर्ज २०१९ मध्ये निकाली निघाला. हवामानाचा विचार पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनात होतोच, असं न्यायाधिकरणाने म्हटलं.

२०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क मान्य केला. पण हक्क मिळाला म्हणून मुदतीचं कलम बदलत नाही. म्हणून नव्या वाचकाने मोठे निकाल वाचावेतच, पण शेजारी एक कोरा पंचनामाही ठेवावा. त्यातला 'घटनेचा दिनांक' हा रकाना कसा भरायचा, इथूनच हा विषय सुरू होतो.