राम प्रधान : निवृत्तीच्या दिवशी मिझोराम करारावर सही करणारा मराठी गृहसचिव

३० जून १९८६. केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांचा सरकारी नोकरीतला हा शेवटचा दिवस होता. त्याच दिवशी दिल्लीत त्यांनी भारत सरकारच्या वतीने एका करारावर सही केली. समोर होते मिझो नॅशनल फ्रंटचे नेते लालडेंगा. वीस वर्षं चाललेलं मिझोराममधलं सशस्त्र बंड या सहीने संपलं.

पंजाब, आसाम आणि मिझोराम हे राजीव गांधींच्या काळातले तीन मोठे करार. हे तिन्ही करार झाले तेव्हा गृहसचिवपदावर एकच अधिकारी होता. महाराष्ट्रात मात्र हे नाव आज फारसं कुणाला आठवत नाही.

कोण होते राम प्रधान? त्यांच्या काळातल्या तीन करारांचं पुढे काय झालं? हे समजून घेऊया.

यशवंतरावांसोबत दिल्लीत

राम प्रधान यांचा जन्म २७ जून १९२८ चा. १९५२ मध्ये ते भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झाले. तेव्हा महाराष्ट्र राज्य झालेलं नव्हतं, त्यामुळे सुरुवात जुन्या मुंबई राज्यात झाली.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं ते १९६२ च्या चीन युद्धामुळे. युद्धातल्या पराभवानंतर कृष्ण मेनन यांना संरक्षण मंत्रिपद सोडावं लागलं आणि पंडित नेहरूंनी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना दिल्लीला बोलावून घेतलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं आपल्याकडे म्हटलं जातं ते याच घटनेबद्दल. संरक्षण मंत्रालयात यशवंतरावांचे खासगी सचिव म्हणून काम पाहिलं ते राम प्रधान यांनी.

खचलेल्या सैन्याची पुन्हा उभारणी आणि नंतर १९६५ चं पाकिस्तानविरुद्धचं युद्ध, हे सगळं प्रधान यांनी मंत्र्यांच्या कार्यालयातून पाहिलं. या युद्धाच्या दिवसांत यशवंतरावांनी डायरी लिहिली होती. त्या डायरीच्या आधारे प्रधान यांनी पुढे इंग्रजीत पुस्तक लिहिलं. १९६५ च्या युद्धातले निर्णय कसे झाले हे जाणून घ्यायचं असेल, तर आजही या पुस्तकाचा आधार घेतला जातो.

पुढे त्यांनी व्यापारविषयक जबाबदाऱ्या सांभाळल्या, जिनिव्हातही काम केलं. नंतर ते महाराष्ट्राचे मुख्य सचिव झाले. जानेवारी १९८५ मध्ये पुन्हा दिल्लीचं बोलावणं आलं, ते केंद्रीय गृहसचिव म्हणून.

गृहसचिव झाले तेव्हा देशात काय चाललं होतं?

इंदिरा गांधींच्या हत्येला जेमतेम अडीच महिने झाले होते. शीखविरोधी हिंसाचाराच्या जखमा ताज्या होत्या. पंजाब पेटलेला होता. आसाममध्ये परकीय नागरिकांच्या प्रश्नावर १९७९ पासून विद्यार्थ्यांचं आंदोलन सुरू होतं. मिझोराममध्ये १९६६ पासून बंडखोर जंगलात होते.

गृहसचिव म्हणजे गृह मंत्रालयातला सर्वोच्च सनदी अधिकारी. अंतर्गत सुरक्षा, केंद्रीय पोलीस दलं, राज्यांशी समन्वय हे विषय त्याच्याकडे येतात. राजकीय निर्णय पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ घेतं. पण कोणती मागणी घटनेत बसते, कोणता शब्द लिहिला तर उद्या अडचण होईल, हे पाहण्याची जबाबदारी अधिकाऱ्यांची असते.

पहिला करार : पंजाब

२४ जुलै १९८५ रोजी पंतप्रधान राजीव गांधी आणि अकाली दलाचे नेते संत हरचंदसिंग लोंगोवाल यांच्यात पंजाब करार झाला. त्यावर खुद्द पंतप्रधानांची सही होती. २६ जानेवारी १९८६ ला चंदीगड पंजाबला द्यायचं आणि नदीच्या पाण्याचा वाद लवादाकडे सोपवायचा, असं ठरलं.

महिन्याच्या आत, २० ऑगस्टला, लोंगोवाल यांची हत्या झाली. सप्टेंबरमध्ये निवडणुका झाल्या, अकाली दलाचं सरकारही आलं. पण ठरलेल्या तारखेला चंदीगड पंजाबला मिळालं नाही. आजही ते पंजाब आणि हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानी आणि केंद्रशासित प्रदेश आहे. सतलज-यमुना कालव्याचा वाद अजून मिटलेला नाही.

दुसरा करार : आसाम

१४ ऑगस्ट १९८५ च्या रात्री दिल्लीत चर्चा लांबत गेली आणि १५ ऑगस्टच्या पहाटे आसाम करारावर सह्या झाल्या. आंदोलकांच्या वतीने प्रफुल्लकुमार महंत, भृगुकुमार फुकन आणि बिराज शर्मा यांनी, तर केंद्राच्या वतीने गृहसचिव म्हणून राम प्रधान यांनी सही केली. राजीव गांधी समोर हजर होते. काही तासांनी लाल किल्ल्यावरून त्यांनी ही बातमी देशाला सांगितली.

या करारात तारखांना फार महत्त्व होतं. १ जानेवारी १९६६ पूर्वी आलेले लोक नागरिक धरले जाणार होते. त्या दिवसापासून २४ मार्च १९७१ पर्यंत आलेल्यांची नावं दहा वर्षं मतदार यादीतून वगळायची आणि २५ मार्च १९७१ किंवा त्यानंतर आलेल्यांना देशाबाहेर पाठवायचं, असं ठरलं. त्यासाठी नागरिकत्व कायद्यात कलम ६अ घालण्यात आलं.

आंदोलन थांबलं. आंदोलकांनी आसाम गण परिषद हा पक्ष काढला आणि त्याच वर्षी निवडणूक जिंकून सत्ता मिळवली. मूळ प्रश्न मात्र राहिला. २०१९ मध्ये आसामची राष्ट्रीय नागरिक नोंदवही जाहीर झाली, तेव्हा १९ लाखांहून अधिक लोक यादीबाहेर होते. कलम ६अ घटनेला धरून आहे का, याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिला आणि ते वैध ठरवलं. प्रधान यांची सही असलेल्या कागदावरचा वाद असा ३९ वर्षांनंतरही न्यायालयात सुरू होता.

तिसरा करार : मिझोराम

मिझोरामच्या कहाणीची सुरुवात बांबूपासून होते. तिथल्या एका जातीच्या बांबूला साधारण ४८ वर्षांनी फुलोरा येतो. मग उंदरांची संख्या प्रचंड वाढते आणि ते शेतं फस्त करतात. १९५९ मध्ये असाच दुष्काळ पडला. सरकारने वेळेत मदत केली नाही, हा राग लोकांच्या मनात बसला. दुष्काळात मदतीचं काम करणाऱ्या संघटनेतूनच १९६१ मध्ये मिझो नॅशनल फ्रंट हा पक्ष तयार झाला आणि १९६६ मध्ये त्याने उठाव केला. त्या मार्चमध्ये ऐझॉलवर भारतीय हवाई दलाच्या विमानांनी हल्ले केले. नंतर हजारो गावकऱ्यांना घरं सोडून रस्त्यालगतच्या, सैन्याच्या पहाऱ्यातल्या वस्त्यांत राहावं लागलं.

तडजोडीचे आधीचे प्रयत्न फसले होते. १९८६ मध्ये मात्र गणित जुळत आलं. अडचण एकच होती. २७ जूनला प्रधान यांना ५८ वर्षं पूर्ण झाली होती आणि तेव्हा केंद्र सरकारी नोकरीत निवृत्तीचं वय तेवढंच होतं. नियमाप्रमाणे महिनाअखेरीस, म्हणजे ३० जूनला, त्यांना पद सोडावं लागणार होतं. करार झाला तो नेमका त्याच दिवशी. लालडेंगा, प्रधान आणि मिझोरामचे मुख्य सचिव लालखामा अशा तिघांच्या त्यावर सह्या आहेत.

करारात दोन्ही बाजूंनी काहीतरी सोडलं. बंडखोरांनी वेगळ्या देशाची मागणी आणि शस्त्रं सोडली. केंद्राने मिझोरामला राज्याचा दर्जा देण्याचं मान्य केलं. काँग्रेसचे मुख्यमंत्री लाल थनहावला यांनी लालडेंगांसाठी खुर्ची रिकामी केली आणि स्वतः उपमुख्यमंत्री झाले. मिझो समाजाच्या धार्मिक-सामाजिक चालीरीती, रूढी-कायदे आणि जमिनीची मालकी यांबाबत संसदेचा कायदा राज्याच्या विधानसभेच्या संमतीशिवाय लागू होणार नाही, अशी तरतूद घटनेत कलम ३७१जी म्हणून आली. २० फेब्रुवारी १९८७ ला मिझोराम राज्य झालं.

या करारानंतर राज्यातले सगळे प्रश्न सुटले असं नाही. १९९७ मध्ये ब्रू समाजातल्या हजारो लोकांना जीव वाचवण्यासाठी त्रिपुरात जावं लागलं. पण मिझो नॅशनल फ्रंट पुन्हा जंगलात गेली नाही. तिने निवडणुका लढवल्या, जिंकल्या आणि हरल्याही.

एकच करार पूर्ण का टिकला?

मिझोराममध्ये बोलणी करणारी संघटना एकच होती आणि तिचा नेता आपल्या लोकांकडून शस्त्रं खाली ठेवून घेऊ शकत होता. दिलेली आश्वासनं लगेच पाळली गेली. पंजाबात करार करणारा नेताच मारला गेला आणि ठरलेली तारीख चुकली. आसामात तारीख कागदावर लिहिणं जमलं, पण लाखो लोकांकडून कागदपत्रं तपासून ती अमलात आणणं फार कठीण ठरलं. अधिकारी चांगला मसुदा तयार करू शकतो. तो पाळायचा की नाही, हे पुढची सरकारं ठरवतात.

निवृत्तीनंतर

१९८७ मध्ये प्रधान यांना पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी ते अरुणाचल प्रदेशचे राज्यपाल झाले आणि १९९० पर्यंत त्या पदावर राहिले. चीनमुळे झालेल्या पराभवानंतर दिल्लीत गेलेला हा अधिकारी आता चीनच्याच सीमेवरच्या राज्यात होता.

राजकारणात मात्र त्यांना यश मिळालं नाही. १९९८ च्या राज्यसभा निवडणुकीत महाराष्ट्रातून ते काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते. पक्षाची मतं फुटली आणि ते पडले. तेव्हा या पराभवाची देशभर चर्चा झाली.

वयाच्या ८० व्या वर्षी त्यांच्याकडे आणखी एक जबाबदारी आली. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात पोलिसांनी परिस्थिती कशी हाताळली, हे तपासण्यासाठी राज्य सरकारने दोन सदस्यांची समिती नेमली. राम प्रधान आणि निवृत्त पोलीस अधिकारी व्ही. बालचंद्रन यांची ही समिती 'प्रधान समिती' म्हणून ओळखली जाते. गुप्तचर सूचना येऊनही त्यांवर नीट कार्यवाही न होणं, संकटकाळासाठी ठरलेली कार्यपद्धती न पाळणं, पोलिसांकडच्या शस्त्रं-साधनांची कमतरता, या त्रुटींवर अहवालाने बोट ठेवलं. आजही मुंबईच्या सुरक्षेची चर्चा निघाली की या अहवालातल्या शिफारशींचं काय झालं, हा प्रश्न विचारला जातो.

३१ जुलै २०२० रोजी मुंबईत वयाच्या ९२ व्या वर्षी राम प्रधान यांचं निधन झालं. मिझोराममध्ये ३० जून हा दिवस आजही शांतता दिन म्हणून पाळला जातो.