टकळी, माती आणि तीन तास वीस मिनिटं

परवा माळ्यावरची ट्रंक आवरताना आईची टकळी सापडली. पितळी चकती काळी पडलेली, पण अजून छान फिरते. भाचीला दाखवली तर म्हणाली, "मावशी, हा भोवरा आहे का?" तिचंही बरोबरच आहे म्हणा. "तुझी टकळी बंद कर" एवढं म्हणण्यापुरताच तो शब्द आता घरात उरलाय.

आईच्या शाळेत रोज सूतकताई असे. त्याची मुळं वर्ध्यात आहेत. ऑक्टोबर 1937 मध्ये तिथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. अभ्यासक्रम ठरवायला झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली. तिने सुचवलेलं वेळापत्रक वाचून मी चाटच पडले. साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटं हस्तोद्योगाला! मातृभाषेला फक्त चाळीस मिनिटं.

पण उद्योग म्हणजे वेगळा तास नव्हे, त्यातूनच बाकीचं शिकायचं, अशी कल्पना होती. चार फुटांचा एक तार आणि 640 तारांची एक गुंडी, तर एका गुंडीत सूत किती? झालं गणित. कापूस कुठे पिकतो, हा भूगोल. तो मॅंचेस्टरला का जात होता, हा इतिहास. सेवाग्रामला आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने हे वर्षानुवर्षं चालवून दाखवलं.

वाद तेव्हाही झाले. मुलांनी केलेल्या वस्तू विकून शिक्षकांचा पगार निघावा, असं गांधीजींना वाटे. प्रा. के. टी. शहांनी परिषदेतच त्याला विरोध केला. मला शहांचं पटतं. शाळेचा खर्च पोराच्या सुतावर टाकला की लक्ष शिकण्यावरून गुंड्या मोजण्याकडे जाणारच. आईच्या आठवणीतही गणित नाहीच, "सूत तुटलं की छडी" एवढंच आहे.

पण त्या समितीच्या अहवालात आणखी एक गोष्ट होती. सगळी मुलं हाताने काम करू लागली तर डोक्याने काम करणारे आणि हाताने काम करणारे यांच्यातली भिंत पडेल, अशी आशा. आपल्याकडे ती भिंत म्हणजे जातच, नाही का?

माझ्या वेळेपर्यंत मूलोद्योग जाऊन 'कार्यानुभव' आला होता, आठवड्यातून जेमतेम एक-दोन तास. एकदा मातीकाम होतं. माती आणली होती वर्गातल्या कुंभारवाड्यातल्या मुलाने. आम्ही सगळे वेडेवाकडे हत्ती करत होतो. त्याने नुसत्या बोटांनी एक छोटं मडकं घडवलं, कडा एकसारखी, कुठे तडा नाही. आम्ही बघतच राहिलो. सर म्हणाले, "तुला काय, तुमचा धंदाच आहे तो. यात तू नवीन काय शिकलास?" त्याला आणि माझ्या हत्तीला सारखेच मार्क पडले.

त्या दिवशी सरांनी त्याला फक्त "सगळ्यांना दाखव रे" म्हटलं असतं तर? माती किती मळायची, खडे का वेचायचे, भाजताना भांडं का फुटतं, हे सगळं त्याला ठाऊक होतं. ते विज्ञानच होतं. पण वर्गात तो कायम शेवटच्या बाकावरचा. सातवीनंतर तो शाळेत दिसला नाही. आणि मी? मीही तेव्हा हसले होते. ते आजही टोचतं.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे. त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकायचं. चांगलंच आहे. प्रश्न एवढाच, की त्या कुंभारकाकांना मुलं 'गुरुजी' म्हणतील का? आणि त्यांचा स्वतःचा मुलगा वर्गात कुठल्या बाकावर असेल?

असो. टकळी घासूनपुसून ठेवली आहे. भाचीला शिकवणार आहे, आधी स्वतः शिकून. तुमच्या शाळेत काय होतं, सूत की माती? आणि शिकवायचं कोण? जरूर कळवा.