गोऱ्या गरिबांचा कैवारी : फर्नांडो वुड

स्पीलबर्गचा 'लिंकन' पाहिलेल्यांना अमेरिकन काँग्रेसमध्ये गुलामीबंदीच्या विरोधात गरजणारा एक पुढारी आठवत असेल. तो फर्नांडो वुड. गुलामांच्या मालकांचा दलाल म्हणून त्याला निकालात काढणे सोपे आहे. पण हा माणूस न्यू यॉर्कच्या गरिबांचा लाडका नेता होता, आणि आपण अभ्यासायची गोष्ट तीच आहे.

१८१२ साली फिलाडेल्फियात जन्मलेला वुड न्यू यॉर्कमध्ये दारूचे दुकान चालवता चालवता जहाजांचा व्यापारी झाला. कॅलिफोर्नियात सोने सापडल्यावर तिकडे माल पाठवून त्याने बक्कळ पैसा केला. भागीदाराला फसवल्याचा ठपका आला, पण खटल्याची मुदत उलटल्याने सुटला. १८५४ ची निवडणूक जिंकून तो महापौर झाला.

१८५७ मध्ये बँका बुडाल्या, हजारो मजूर रस्त्यावर आले. तेव्हा वुडने मांडले की शहराने सार्वजनिक कामे काढून बेकारांना लावावे आणि मजुरीत पीठ, बटाटे द्यावेत. सगळे निर्माण करणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही, असेही तो बोलला. शेठलोक खवळले. त्या वर्षी तो हरला, पण १८६० मध्ये पुन्हा महापौरपदी बसला. आयरिश मजूर त्याच्यामागे उभे होते.

मग काळ्या मजुराचे काय? न्यू यॉर्क राज्यात गोऱ्या पुरुषाला मतदानासाठी मालमत्तेची अट उरली नव्हती. काळ्याकडे मात्र २५० डॉलरची मालमत्ता असावी लागे. १८६० मध्ये ही अट काढण्यासाठी सार्वमत झाले, मतदारांनी ते फेटाळले. लिंकन त्याच दिवशी त्या राज्यात जिंकला, हे विसरू नका.

जानेवारी १८६१ मध्ये दक्षिणेची राज्ये फुटू लागली. वुडने नगर परिषदेला सुचवले की शहरानेही संघराज्यातून बाहेर पडून स्वतंत्र व्हावे! कारण उघड होते. गुलामांनी वेचलेल्या कापसाला कर्ज, विमा आणि जहाजे न्यू यॉर्कचे व्यापारी पुरवत. एप्रिलमध्ये युद्ध पेटताच हाच वुड संघराज्याच्या सभेत भाषण करायला हजर.

जुलै १८६३ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध दंगल झाली. ३०० डॉलर भरून श्रीमंत सुटत होते, म्हणजे गरिबांचा राग खरा होता. पण तो राग काढला कुणावर? काळ्यांना दिव्याच्या खांबांवर लटकवले गेले, काळ्या मुलांचे अनाथालय जाळले गेले. तेव्हा वुड महापौर नव्हता, काँग्रेसमध्ये होता. ३१ जानेवारी १८६५ रोजी गुलामी संपवणारी १३ वी घटनादुरुस्ती तिथे मताला आली तेव्हा त्याने विरोधात मत दिले. ती ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली. आठच वर्षांनी जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली, ती अमेरिकेतील गुलामी संपवणाऱ्या लोकांना.

'आधी वर्गाचा लढा, जातीचे नंतर पाहू' म्हणणारे मित्र आजही भेटतात. त्यातले सगळे वुडसारखे लबाड नसतात, बरेच प्रामाणिक असतात. त्यांना मुंबईच्या गिरण्यांची आठवण करून द्यावी. तिथे विणकाम खात्यात जास्त पगार मिळे. धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून अस्पृश्याला त्या खात्यात प्रवेश नव्हता, आणि ही बंदी मोडायला स्पृश्य कामगारच आडवे येत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला होता.