मीठ, रॉकेल आणि १९४८ सालचं धाराशिव

हैदराबाद संस्थानाची आपण आर्थिक नाकेबंदी केली आहे, हे दिल्लीने १९४८ साली अधिकृतपणे कधी मान्य केलं नाही. पण सोलापूर, बार्शी, अक्कलकोटकडून निजामाच्या हद्दीत येणारं मीठ, रॉकेल, पेट्रोल आणि औषधं त्या वर्षी आटत गेली, हे आमच्या जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना कुणी पुस्तकातून सांगावं लागलं नाही. मी एस.टी.च्या कार्यशाळेत मेकॅनिक म्हणून नोकरी केली. वडील नळदुर्गाजवळच्या आमच्या गावी पिठाच्या गिरणीवर इंजिन चालवायचे. म्हणून मुक्तिसंग्रामाचा इतिहास वाचताना मला आधी इंधनाचा प्रश्न पडतो. गिरणी कशावर चालली? दिवा कशावर जळला?

आमचा जिल्हा तेव्हा उस्मानाबाद, आणि तो संस्थानाच्या अगदी कडेचा. पलीकडे मुंबई प्रांताचा सोलापूर जिल्हा. नाक्यावर करोडगिरीवाले माल तपासून जकात घ्यायचे. अलीकडे निजामाचा हाली सिक्का, पलीकडे इंग्रजी कलदार. सात हाली रुपयांना सहा कलदार हा ठरलेला भाव. कुर्डुवाडीहून निघालेली बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी गाडी बार्शी ओलांडून निजामाच्या मुलखात शिरायची आणि येडशी, ढोकी करत लातूरला जायची. खुद्द धाराशिव गावाला रेल्वे नव्हती. येडशीला उतरायचं आणि पुढे मोटार किंवा बैलगाडी. एवढ्या मोठ्या संस्थानाला समुद्रकिनारा मात्र इंचभर नव्हता. निजामाने पोर्तुगिजांकडून गोव्याचं मार्मागोवा बंदर मिळवण्याची खटपट केली, त्यामागे हीच अडचण होती.

टंचाईची सवय लोकांना त्याआधीच लागली होती. १९४२ साली जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि तिथल्या तेलविहिरींचं रॉकेल बंद झालं. पेट्रोलवर रेशन आलं. तेव्हा हिंदुस्थानभर मोटारींना कोळशाच्या गॅसच्या टाक्या बसवल्या गेल्या. टाकीत लोणारी कोळसा भरायचा, हवा बेताचीच द्यायची. कोळसा पुरता जळत नाही, त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, तो गाळून इंजिनात सोडायचा. सकाळी टाकी पेटवून गॅस धरेपर्यंत बराच वेळ पंखा फिरवत बसायचं. पेट्रोलवर जी ताकद मिळायची, तिच्यात मोठी घट यायची. भरलेली मोटार घाटाला लागली की उतारूंनी उतरून चालावं लागे. माझ्या उमेदवारीच्या काळात जुने मेकॅनिक या टाक्यांना शिव्या देत, पण त्यांच्या जोरावर मोटार चालली, हेही आवर्जून सांगत. कोळसा आपल्याच रानातला होता, ही त्यातली खरी गोष्ट.

स्वातंत्र्यानंतर २९ नोव्हेंबर १९४७ला भारत आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला. पण काही दिवसांतच निजाम सरकारने भारतीय चलनाचा व्यवहार बंद केला आणि पाकिस्तानला वीस कोटींचं कर्ज देऊ केलं. लातूरला वकिली केलेल्या कासीम रझवीच्या रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, गावोगाव धुमाकूळ घातला. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसने सरहद्दीवर कॅम्प उभारले. आमच्या जिल्ह्यासाठी फुलचंद गांधींसारखी माणसं त्या कामात होती. स्वामीजी तर आमच्याच जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवलेले. हे सारं मुक्तिसंग्रामाच्या ग्रंथांत येतं, आणि यायलाच हवं. त्याच महिन्यांत घराघरांत काय चाललं होतं, ते मात्र फारसं येत नाही.

रॉकेल संपलं तेव्हा पहिला फरक दिव्यात पडला. कंदिलाची वात पट्टीची. तिच्यातून पातळ रॉकेल भराभर चढतं. करडईचं तेल दाट, ते तेवढं चढत नाही, वात काजळते आणि विझते. म्हणून आमच्या घरातला कंदील खुंटीला टांगला गेला आणि पणत्या बाहेर आल्या. करडई आमच्या काळ्या रानात पिकायची, गावात तेल्याचा लाकडी घाणा होता. उजेड कमी झाला, पण अंधार पडला नाही.

गिरणीचं तसं नव्हतं. इंजिनाला क्रूड ऑइल लागायचं आणि ते सोलापूरहून यायचं. ते मिळेना तेव्हा वडिलांनी शेंगदाण्याचं तेल घालून इंजिन चालवून पाहिलं. ही कल्पना वेडगळ नव्हती. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावरच चालवून दाखवलं होतं. वडिलांना ते ठाऊक नव्हतं, त्यांनी आपल्या अकलेने केलं. इंजिन चाललंही. पण धूर फार यायला लागला, नोझल चिकटायला लागलं, आणि दळणाच्या पैशापेक्षा तेलच महाग पडलं. शेवटी पट्टा काढून ठेवला आणि गिरणीला कुलूप लागलं. गावातल्या बायकांना पुन्हा जातं ओढणं आलं. आजी म्हणायची, गिरणी बंद झाली ती पुरुषांसाठी बातमी होती, आमच्यासाठी पहाटेचं काम होतं. तिचं म्हणणं मला पटतं. टंचाईचा भार कुणाच्या दंडावर येतो, हे इतिहासात लिहिलं गेलं पाहिजे.

मोटेला कशाचीच वाट पाहावी लागली नाही. कातडं गावातलं, नाडा आणि सोंदूर गावात वळलेले, बैल घरचे. ज्यांनी विहिरीवर नवं इंजिन बसवलं होतं त्यांनी परत बैल जुंपले. ज्यांनी बसवलं नव्हतं त्यांचं काहीच अडलं नाही. मी जन्मभर इंजिनांची कामं केली, मोटेचं गुणगान करणार नाही. बैलांचे आणि माणसांचे हाल मी पाहिले आहेत. तरी कुठलंही यंत्र घरी आणताना त्याचं इंधन आणि त्याचे सुटे भाग किती लांबून येतात हे विचारावं, ही शिकवण मला त्या वर्षाच्या गोष्टींतून मिळाली.

मिठाला मात्र पर्यायच नव्हता. रॉकेलऐवजी करडई, गिरणीऐवजी जातं, मोटारीऐवजी छकडा, मिठाऐवजी काय? मीठ कोकणाच्या आगरातून किंवा गुजरातेतून यायचं, म्हणजे हद्दीपलीकडूनच. आमच्या घरी त्या उन्हाळ्यात कैरीचं लोणचं घातलं नाही, कारण लोणच्याला मीठ किती लागतं! रात्री शिवारातून सोलापूरकडे जाऊन धडप्यात बांधून मीठ आणणारी माणसं होती. त्यांना इकडे करोडगिरीवाल्यांची आणि रझाकारांची भीती, तिकडे पोलिसांची. औषधांचंही तेच. हिवतापाला क्विनीन लागायचं, आणि क्विनीन गावात पिकत नाही.

निजाम सरकारने स्वतःपुरती काही तयारी केली होती. बोधनच्या साखर कारखान्याच्या मळीतून पॉवर अल्कोहोल निघायचं, ते पेट्रोलात मिसळलं जाई. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानं भरून शस्त्रं आणत होता. आमच्या गावापर्यंत त्यातलं काही पोचलं नाही. पोचला तो सक्तीचा लेव्ही धान्याचा हुकूम.

माझ्या खात्यातल्या माणसाला एक तारीख विसरता येत नाही. १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. त्याच उन्हाळ्यात हद्दीच्या अलीकडे आमच्याकडच्या मोटारी इंधनाविना उभ्या होत्या. मराठवाड्याची बससेवा एस.टी.त सामील व्हायला १९६१ उजाडावं लागलं.

१३ सप्टेंबर १९४८च्या पहाटे सोलापूरकडून भारतीय फौजेचे रणगाडे आले. नळदुर्गचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला आणि हैदराबादचा रस्ता मोकळा झाला. १७ तारखेला निजाम शरण आला. संस्थान भारतात यायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पेट्रोल आणि शस्त्रं अडवली ते योग्यच झालं. त्याने रझाकारांच्या मोटारी थांबल्या. मीठ आणि औषध अडलं ते मात्र चूक होतं. त्याचा चटका बसला तो आमच्यासारख्या गावांना, आणि ही गावं तर सरहद्दीवरच्या कॅम्पांना भाकरी पुरवत होती.

त्या वर्षाबद्दल बोलायला आमच्याकडे माणसं कचरतात. सप्टेंबरच्या त्या पोलीस कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर जे अत्याचार झाले, त्यांत सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत, त्यांची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीने उस्मानाबादचं नाव घेतलं आहे. आधी रझाकारांचा जुलूम, मग हे. दोन्हींच्या ओझ्याखाली मिठाची आणि दिव्याची गोष्ट कुणी विचारलीच नाही. आता ती सांगणारी माणसं नव्वदीच्या आसपास आहेत. तुमच्या घरात, वाड्यात, शेजारच्या मोहल्ल्यात असं कुणी असेल तर या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा. १९४८ साली घरात दिवा कशाचा होता, दळण कुठे व्हायचं, मीठ कुणी आणलं, एवढं विचारा आणि त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून ठेवा.